ग्लुकोमीटरचा आकडा चुकतोय? आधी बघा, वर चुकतोय की खाली

उन्हाळा लागला की लॅबमध्ये एकच तक्रार सुरू होते. एका हातात आमचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात घरचं मशीन. "तुमच्यात एकशे बासष्ट आली, आमच्या मशीनीत दोनशे अठरा दाखवतंय की ओ. कुणाचं खरं धरावं?" पहिला पाऊस पडला की तक्रार कमी होते, आणि पुढच्या वर्षी उन्हाबरोबर परत येते. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब चालवत असल्यामुळे हे सगळं आता तोंडपाठ झालंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आकडा जुळला नाही की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण नवं मशीन आणतात, मग दोन मशीनांचे आणि लॅबचा असे तीन आकडे घेऊन बसतात. काही जण मनातल्या मनात चाळीस-पन्नास वजा करायला लागतात. "आपलं मशीन पन्नास जास्त दाखवतं" हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण मशीनची चूक ठरलेली नसते. आज वर चुकणारं मशीन उद्या त्याच डबीतल्या पट्टीवर (रक्ताचा थेंब जिला लावतो ती) खाली चुकू शकतं. किती चुकलं हे नंतर बघू. कुठल्या दिशेला चुकलं, हे आधी बघायचं. बहुतेक कारणांची दिशा ठरलेली असते, आणि दिशा कळली की निम्मी कारणं तिथेच गळून पडतात.

त्याआधी एक हिशेब. प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नव्हे. घरगुती ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१९७ ची २०१३ ची आवृत्ती, असं सांगतं: प्रयोगशाळेच्या पद्धतीने शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातले पंच्याण्णव आकडे १५ टक्के वर-खाली एवढ्या फरकाच्या आत असले पाहिजेत, १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे लॅबमध्ये १६२ आली तर मशीनवर १३८ पासून १८६ पर्यंत काहीही आलं तरी मशीन पास. लॅबमध्ये ८० असेल तर ६५ ते ९५. रोज येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात. २१८ मात्र या मर्यादेच्या बाहेर आहे, तिथे शोध घ्यायलाच हवा.

पट्टीत नेमकं काय मोजलं जातं

मशीन साखर मोजत नाही, वीज मोजतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पट्टीच्या टोकाशी एक अरुंद नळी असते. तिच्यात कार्बनचे किंवा धातूचे बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहून नेणारी टोकं, छापलेले असतात आणि त्यांच्यावर एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, वाळवून बसवलेलं असतं. काही कंपन्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज, काहींत ग्लुकोज डिहायड्रोजनेज. रक्त आत गेलं की हे एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवायला मध्ये एक हमाल लागतो. बऱ्याच पट्ट्यांत हे काम फेरिसायनाइड नावाचं रसायन करतं. ते इलेक्ट्रॉन उचलतं, इलेक्ट्रोडवर नेऊन टाकतं, आणि मशीनमध्ये मायक्रोअँपिअरच्या घरातला एक बारीक प्रवाह वाहतो. पाचेक सेकंदांत मशीन तो मोजतं आणि आपल्या आतल्या तक्त्याप्रमाणे त्याचा आकडा करून दाखवतं. १९६२ साली लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवायची कल्पना मांडली, १९८७ मध्ये पेनाएवढं घरगुती मशीन बाजारात आलं, आणि आज खिशात मावणारं मशीन त्याच वाटेने आलेलं आहे.

थोडक्यात, प्रवाह वाढवणारी कुठलीही गोष्ट मशीनला साखरच वाटते. प्रवाह अडवणारी कुठलीही गोष्ट साखर कमी दाखवते.

आकडा वर चुकतोय

पहिला संशय बोटावर घ्या. गंमत म्हणून हिशेब करून बघा. शुगर १०० असेल तर एका मायक्रोलिटर रक्तात एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज असतं. बऱ्याच पट्ट्या अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढतात, म्हणजे आत गेलं अर्धा मायक्रोग्रॅम. बोटावर आणखी अर्धा मायक्रोग्रॅम ग्लुकोज चिकटलेलं असेल तर १०० ची २०० झाली. अर्धा मायक्रोग्रॅम डोळ्याला दिसत नाही, बोटाला चिकट लागत नाही, कशालाच कळत नाही.

आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. दारात आलेल्या पाहुण्याला ग्लुकोज पावडरचं पाणी. पुडा कापताना, चमच्याने ढवळताना ती पावडर बोटाला लागतेच, आणि ती म्हणजे निव्वळ ग्लुकोज. त्यानंतर केशर आंबा. द्राक्षं. रमजानमध्ये इफ्तारीचा खजूर. पाऊस संपला की बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, जे हाताने फोडूनच खायचं असतं. घरात कुणाला मधुमेह आहे म्हणून त्यांनी स्वतः खाल्लंच पाहिजे असं नाही. नातवाला आंबा सोलून दिला तरी पुरे. २०११ साली जपानमधल्या संशोधकांनी हेच तपासलं. संत्रं, द्राक्षं, किवी सोलल्यावर बोटातून घेतलेल्या थेंबाची शुगर भलतीच वर गेली. स्पिरिटच्या कापसाने बोट पाच-पाच वेळा पुसूनही ती खाली आली नाही, आणि नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर खरा आकडा आला.

इथे एक बारीक मुद्दा आहे. पाडव्याच्या साखरेच्या गाठीला हात लावला तर आकडा तसा फारसा फिरत नाही. ती साखर म्हणजे सुक्रोज, आणि पट्टीतलं एन्झाइम सुक्रोजला ओळखत नाही. गूळ, मध, पिकलेली फळं यांत मात्र मोकळं ग्लुकोज असतं. म्हणून "साखरेच्या डब्यात हात घातला नव्हता" एवढ्यावर सुटका होत नाही, हाताने काय सोललं ते आठवा.

आणि खरी अडचण पाण्याची. टँकरची वाट बघणाऱ्या गावात "आधी साबणाने हात स्वच्छ धुवा" हे सांगणं सोपं, करणं अवघड. म्हणून लोक स्पिरिटवर भागवतात. शिबिरांतही कापसाचा बोळा फिरवून सुई टोचतात. स्पिरिट जंतू मारतं, ग्लुकोज नीट धुवून नेत नाही. सगळा हात धुवायची गरज नाही. ज्या बोटाला टोचायचं त्यावर कपभर पाणी ओता, चोळा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडं करा. तेवढंही नसेल तर पहिला थेंब पुसून टाका, दुसरा पट्टीला लावा. फळ सोललेल्या हाताला हा दुसरा थेंबही पूर्ण भरवशाचा नाही, पण पहिल्यापेक्षा बरा.

बोट स्वच्छ आहे, तरी आकडा वर? मग हिमोग्लोबिन विचारा. रक्तात तांबड्या पेशी असतात आणि त्यांच्या भोवती पाणीदार प्लाझ्मा. पट्टीच्या त्या अरुंद नळीत पेशींची गर्दी असली की ग्लुकोज इलेक्ट्रोडपर्यंत हळू पोचतं. गर्दी कमी असली की भराभर पोचतं, प्रवाह वाढतो, आकडा फुगतो. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की पेशींचा वाटा टक्क्यांत साधारण कळतो, त्यालाच हिमॅटोक्रिट म्हणतात. हिमोग्लोबिन ७ असेल तर २१ टक्के. आता मशीनबरोबर आलेला तो बारीक अक्षरांचा कागद उघडा. काही पट्ट्या ३० ते ५५ टक्क्यांसाठीच बनवलेल्या असतात, चांगल्या असतात त्या २० ते ६० चालवून घेतात. हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या बायका आमच्याकडे कमी येत नाहीत, त्यांच्या शुगरचा आकडा स्वस्तातल्या पट्टीवर वर चुकणारच. नव्या महाग पट्ट्यांत जास्तीचे इलेक्ट्रोड असतात. ते रक्ताचा विद्युत अडथळा मोजून पेशींचा अंदाज घेतात आणि आकडा सुधारून दाखवतात. किमतीतला फरक बराचसा तिथे असतो, रंगीत पडद्यात नव्हे. जाता जाता: लोह कमी असल्यामुळे झालेल्या ॲनिमियात तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणीही खोटी वर जाऊ शकते. म्हणजे दोन्ही तपासण्या एकाच दिशेला चुकतात आणि एकमेकींना साक्ष देतात. अशा वेळी डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा रिपोर्टही दाखवा.

पोटातून डायलिसिस चालू असलेल्यांनी तर जास्तच जपायला हवं. त्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ असेल तर शरीरात त्याचं माल्टोज, म्हणजे एक वेगळी साखर, होतं, आणि पीक्यूक्यू जातीचं ग्लुकोज डिहायड्रोजनेज माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. शुगर खरी खाली, मशीनवर वर, आणि वरून इन्सुलिनचा डोस. यातून मृत्यू झालेले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पट्टीच्या कागदावर एन्झाइमचं नाव असतं, ते वाचून डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारा. शिरेतून मोठ्या प्रमाणात व्हिटॅमिन सी चढवलं असेल तरी आकडा वर फसतो, कारण तेही इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं.

आता आमची बाजू. कधी मशीन वर नसतं, लॅब खाली असते. शिरेतून काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीत जिवंतच असतात आणि साखर खात बसतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के शुगर उतरते, उन्हात त्याहून जास्त. सकाळी खेड्यात रक्त काढलं, दुचाकीच्या पिशवीत घालून दोन-चार गावं फिरवलं आणि तीन तासांनी लॅबला पोचवलं, तर १८० ची १५० होऊ शकते. त्यासाठी करड्या टोपणाची फ्लोराईडची ट्यूब असते. तिच्यातही पहिला तास-दीड तास थोडी घट होतेच. रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं आणि मशीनला किती वेळाने लावलं, हे लॅबवाल्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर द्यायला कुरकुर झाली तर लॅब बदला.

शिवाय जेवणानंतर बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांची शुगर मुळातच वेगळी असते. जेवण झाल्यावर बोटातली जास्त असते, वीस टक्क्यांपर्यंतसुद्धा. दोन्ही आकडे बरोबर, तरी जुळत नाहीत. म्हणून मशीनची परीक्षा घ्यायची तर उपाशीपोटीच घ्यावी.

आकडा खाली चुकतोय

ही यादी छोटी आहे, पण यातली गफलत जास्त महागात पडते. शुगर चढलेली असते आणि मशीन म्हणतं सगळं ठीक आहे.

उन्हातान्हात काम करून अंगातलं पाणी आटलेलं असतं तेव्हा पेशींची गर्दी वाढते, प्रवाह अडतो, आकडा उतरतो. त्यातून शुगर खूप चढली की लघवीवाटे पाणी जातच असतं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. माणूस मलूल आहे, जीभ कोरडी पडलीय, लघवी कमी झालीय आणि मशीन १४० दाखवतंय, तर १४० वर विसंबून घरी बसू नका. शिरेतल्या रक्ताची तपासणी करा. बीपी एकदम खाली गेलेल्या, हातपाय गार पडलेल्या माणसाच्या बोटातला थेंब तर धरूच नये.

बोट धुतलं पण पुसलं नाही, तर पाण्याने थेंब पातळ होतो आणि आकडा उतरतो. ओल्या स्पिरिटवर टोचलं तरी तेच. आणि ऊसतोडीच्या कामातले हात: बोटांची कातडी इतकी घट्ट की सुई वरच्यावर राहते, मग लोक बोट पिळत बसतात. पिळून काढलेल्या थेंबात रक्ताबरोबर कातडीखालचं पाणीही येतं, आणि आकडा उतरतो. बोटाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा. सुईच्या पेनावरचा आकडा एक-दोन घर वाढवा. हात मिनिटभर खाली लोंबकळत ठेवा. पट्टी अर्धी भरली म्हणून वरून दुसरा थेंब जोडू नका. काही मशीन तसं करू देतात, पण बहुतेकांची मोजणी तोवर सुरू झालेली असते. ती पट्टी वाया गेली असं समजा. आमच्याकडे पट्टीच्या किमतीमुळे हे कुणाला पटत नाही, हे ठाऊक आहे.

घरी ऑक्सिजन लावलेला रुग्ण असेल आणि पट्टी ग्लुकोज ऑक्सिडेजची असेल तर आकडा खाली येऊ शकतो. त्या एन्झाइमला इलेक्ट्रॉन द्यायला ऑक्सिजनही चालतो, मग हमालाच्या वाट्याला कमी येतात. अशांसाठी डिहायड्रोजनेजची पट्टी बरी, पण पीक्यूक्यू सोडून.

कधी वर, कधी खाली: म्हणजे पट्टी बिघडली

दिशेचा नियम इथे मोडतो, आणि तो मोडणं हीच खूण. तोच माणूस, तेच बोट, पाच मिनिटांच्या अंतराने १३०, १९५, १५०. ही डबी संपली.

पट्टी दोन तऱ्हांनी मरते. दमट हवेत आणि उष्णतेत तिच्यातलं फेरिसायनाइड रक्त लागण्याआधीच हळूहळू बदलायला लागतं. मग ग्लुकोज नसतानाही थोडा प्रवाह वाहतो आणि आकडा फुगतो. दुसरीकडे एन्झाइम हे प्रथिन, ते उष्णतेने निकामी होतं आणि आकडा घसरतो. एकाच डबीतल्या सगळ्या पट्ट्या सारख्या बिघडत नाहीत, म्हणून आकडे उड्या मारतात.

डबीवर साधारण ३० अंशांपर्यंत ठेवा असं लिहिलेलं असतं. कुठे ४० असतं, आपापली डबी वाचा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वर. मग ठेवायची कुठे? माळवदाचं जुनं घर असेल तर आतल्या खोलीतली देवळी उत्तम, फक्त जिच्यात दिवा लावता ती नको. पत्र्याचं घर असेल तर पत्र्यापासून जितकं खाली आणि आत ठेवता येईल तितकं: घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून खालच्या फळीवर, उन्हाकडच्या भिंतीपासून लांब. भिंतीवरचं कपाट आणि दुचाकीची डिकी, दोन्ही नको.

फ्रीज आणि माठ यांचा मोह मात्र टाळा. वीज नसलेल्या घरात इन्सुलिनची बाटली ओल्या मडक्यात ठेवतात, ते चालतं. पण त्याच मडक्यात पट्ट्यांची डबीही जाते, आणि तिथे पट्टी ओलीने मरते. फ्रीजमधली गार डबी उन्हाळ्यात उघडली की आत दव धरतं. कूलरच्या झोतासमोर पट्टी काढणं हाही त्यातलाच प्रकार. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा थर असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण लगेच लावा, आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत काढून ठेवू नका. शेजारणीला दहा पट्ट्या पुडीत बांधून देणं हा प्रेमाचा व्यवहार आहे, पण त्या दहाही पट्ट्या वाया जातात. डबी उघडल्याची तारीख पेनाने डबीवर लिहा; कंपनीप्रमाणे तीन किंवा सहा महिने. छापलेली एक्सपायरी बंद डबीची असते. मे महिन्यात कुरिअरने मागवलेली, सूट मिळाली म्हणून घेतलेली, मुदत जवळ आलेली डबी कुठल्या गाडीत किती दिवस तापली हे तुम्हाला कळत नाही. उन्हाळ्यात एक डबी जास्त पैसे देऊन एसी असलेल्या मेडिकलमधून घ्या, असं माझं मत आहे.

जुनं मशीन असेल तर डबीवरचा कोड आणि पडद्यावरचा कोड जुळतो का, तेही बघा.

पडद्यावर थर्मामीटरचं चित्र

हे दुपारी हमखास येतं. एन्झाइमची क्रिया आणि इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याचा वेग, दोन्ही तापमानावर चालतात. म्हणून मशीनमध्ये एक तापमापक असतो आणि त्याप्रमाणे आकडा सुधारला जातो. बऱ्याच मशीनांची मर्यादा १० ते ४० अंशांच्या आसपास असते, तिच्याबाहेर मशीन काम करायला नकार देतं. तो नकार चांगलाच म्हणायचा. वाईट प्रकार वेगळा: हा तापमापक मशीनचं तापमान बघतो, पट्टीचं नव्हे. मशीन उन्हातून आलेल्या पिशवीत आणि पट्टी घरातल्या गार डब्यात, अशी जोडी जमली की सुधारणा चुकीची होते आणि मशीन काही बोलतही नाही. दोन्ही एकाच सावलीत वीस-पंचवीस मिनिटं शेजारी ठेवा, मग तपासा. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पहाटे हीच अडचण उलट्या बाजूने येते. तिथे मशीन थोडा वेळ पांघरुणात घ्यावं.

"हाय" किंवा "लो" अशी अक्षरं आली तर तो बिघाड समजून मशीन बंद-चालू करत बसू नका. बऱ्याच मशीनांत त्यांचा अर्थ ६०० च्या वर आणि २० च्या खाली असा असतो. हात धुवून लगेच एकदा परत तपासा. परत तेच आलं तर दवाखाना.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने मशीन पाठवलंय आणि पडद्यावर ७.८ दिसतंय. घरचे घाबरतात, "सात म्हणजे माणूस वाचत कसा?" ते एकक मिलिमोल आहे, आपलं नेहमीचं मिलिग्रॅमचं नव्हे. १८ ने गुणा, १४० झाले. काही मशीनांत हे बदलता येत नाही, मग गुणाकार करत राहावं.

मशीन की माणूस, हे कसं ओळखायचं

वरचं सगळं करूनही फरक राहिला तर कंट्रोल सोल्युशन लावा. ग्लुकोजचं ठरलेलं प्रमाण असलेला हा द्रव मशीनच्याच कंपनीचा असावा लागतो, आणि त्याचा आकडा कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये यावा हे पट्टीच्या डबीवर छापलेलं असतं. आकडा त्या दोन आकड्यांच्या मध्ये आला, तर मशीन आणि पट्टी ठीक. दोष बोटात, रक्तात किंवा लॅबच्या नळीत शोधा. बाहेर आला, तर नवी डबी उघडून परत लावा. नव्या डबीवर बरोबर आला म्हणजे जुनी डबी गेली. नव्यावरही चुकला तरच मशीनकडे बोट दाखवा, आणि तेही आधी सेल बदलून.

तालुक्याच्या मेडिकलमध्ये हे सोल्युशन सहसा नसतं, मागवावं लागतं. त्याऐवजी घरी ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून बघण्याचे प्रयोग लोक करतात. त्याचा उपयोग नाही. पट्टी रक्ताच्या दाटपणाच्या आणि क्षारांच्या अंदाजाने बांधलेली असते, साध्या पाण्यावर ती काहीही दाखवते.

लॅबशी ताडून बघायचं तर मशीन घेऊन सकाळी उपाशीपोटी लॅबमध्येच या. हात धुवा, पुसा. शिरेतून रक्त घेतलं की पाच-दहा मिनिटांच्या आत बोटातून तुमच्या मशीनवर तपासा आणि दोन्ही आकडे तिथेच लिहून घ्या. काल संध्याकाळी घरी २१८ आणि आज सकाळी लॅबमध्ये १६२, ही तुलनाच नाही. शुगर एवढी फिरतेच. ताडलेला फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मशीनला दोष देणं सोडा.

दंडावर चिकटवायचा सेन्सर लावलेले लोकही आता दिसू लागलेत. त्यांच्यासाठी एवढंच: तो रक्तात नसतो, कातडीखालच्या पाण्यात असतो, म्हणून शुगर वेगाने चढत-उतरत असताना पाच-दहा मिनिटं किंवा थोडा जास्तच मागे चालतो. त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे रात्री खोटा कमी आकडा आणि गजर. काही सेन्सर व्हिटॅमिन सीच्या जास्त मात्रेच्या गोळीने वर फसतात. शंका आली की बोटातून तपासा.

या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट थांबवायची नाही. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळतंय, तर मशीन काही म्हणो, माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. आणि संशयी आकड्यावर इन्सुलिनचा डोस वाढवू नका. हात धुवून दुसऱ्या पट्टीवर खात्री करा, आणि डोस बदलायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.

डबी खराब निघाली तर ती फेकून देऊ नका. तिच्यावरचा लॉट नंबर, मशीनमागचा नंबर आणि ताडून लिहिलेले दोन्ही आकडे घेऊन खोक्यावर छापलेल्या ग्राहक क्रमांकावर फोन करा. डबी मुदतीतली असेल आणि कंट्रोल सोल्युशनवर चुकत असेल तर बदलून मागता येते, पण त्यासाठी लॉट नंबर विचारतात आणि तो फक्त त्या डबीवरच असतो.